हात मांडीवर

दसऱ्याची सुट्टी संपून २१ ऑक्टोबरला बालवाडी उघडली आणि माझ्या लेकीनं उंबऱ्यावरच माझी ओढणी अशी धरली की पिन तुटून हातात आली. २०२४ ची ही गोष्ट. जूनमध्ये रडून झालं होतं, जुलैत ती रुळली होती, श्रावणात तापानं आठवडाभर घरी राहिली तरी नंतर हसत गेली होती. अठरा दिवसांच्या सुट्टीनं सगळं मुसळ केरात घातलं.

ही दसऱ्याची सुट्टी माझ्या डोक्यात अजून बसलेली नाही. माझं माहेर चंदगड तालुक्यातलं. मोटारसायकलवर तासाभराची वाट, पण मधे सीमा. तिकडं महाराष्ट्रात शाळांना दिवाळीची मोठी सुट्टी, इकडं कर्नाटकात दसऱ्याची. बहिणीची पोरं दिवाळीला येतात तेव्हा आमच्याकडं जेमतेम चार दिवस मोकळे, आणि आम्ही दसऱ्याला तिकडं जावं तर त्यांची शाळा चालू. लग्नाला सात वर्षं झाली, पण मावसभावंडांच्या सुट्ट्या एकदाही नीट जुळल्या नाहीत.

तर पिन तुटली. बाई दारात आल्या. बाई साठीला आलेल्या, गावातल्या निम्म्या तरुण पोरांची नाकं त्यांनी पुसलेली. लेकीकडं न बघता मला म्हणाल्या, "तू जाऊ नको. पण तिला मांडीवर घेऊनही बसू नको. तिथं भिंतीला टेकून बस आणि हात मांडीवर ठेव. कुणाचं नाक पुसायचं नाही, कुणाचं बटण लावायचं नाही, कुणाला काही करून द्यायचं नाही. जमंल काय?"

जमंल म्हणाले. दहा मिनिटांचा प्रश्न असेल असं वाटलं होतं. तीन आठवडे बसले.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, तांबड्या मातीचं, रताळ्यांच्या पट्ट्यातलं. बालवाडी देवळामागच्या दोन खोल्यांत भरते. बाई, एक मदतनीस मावशी आणि पटावर सव्वीस पोरं, तीन ते पाच वर्षांची. सव्वीस फार होतात हे मी पहिल्याच तासाला मनात म्हटलं आणि शेवटच्या दिवशीही माझं मत तेच होतं. बाई कितीही चांगल्या असल्या तरी त्यांना डोळे दोनच.

पहिल्या दिवशी एका पोराला डबा उघडेना. स्टीलचा डबा, घट्ट झाकण. माझा हात आपोआप पुढं गेला. बाई पलीकडच्या खोलीच्या दारातून नुसत्या बघितल्या. हात मागं घेतला. पोरानं आधी नखं लावली, मग दात लावले, मग डबा जमिनीवर दोनदा आपटला. माझा जीव वरखाली. शेवटी तो डबा घेऊन एका थोराड पोरीकडं गेला. तिनं चमच्याची दांडी झाकणाखाली घातली आणि पट्कन उघडून दिला. दुसऱ्या दिवशी त्यानं चमचा आधीच हातात धरला होता. एवढंच. पण घरी मी माझ्या लेकीचा डबा अजून स्वतः उघडून देत होते, हे मला तिथं बसल्यावर आठवलं.

भिंतीवर सहा ऋतूंचा छापील तक्ता होता. त्यात शरद ऋतूच्या चौकोनात लालभडक पानं गाळणारं एक झाड आणि स्वेटर घातलेलं गोरं पोर. खिडकीबाहेर बघावं तर आंबा, फणस, चिंच सगळं पावसानं धुऊन हिरवंगार. सकाळी गवतावरच्या कोळ्यांच्या जाळ्यांत दवाचे थेंब, दुपारी बारा वाजता डोकं तापवणारं ऊन, आणि खळ्यावर चतुर एवढे की पोरं त्यांच्यामागं धावून दमत. तो तक्ता काढत का नाही, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "भिंतीत भेग हाय त्याच्यामागं."

आमच्या शरदातलं खरं गळालेलं पान म्हणजे दसऱ्याला लुटलेलं आपट्याचं. देवळासमोर, गटारीकडंला, घराघरांच्या देव्हाऱ्यात ती पानं वाळून गुंडाळली गेली होती. बाईंनी सांगितलं, घरातलं सोनं आणा आणि दारावरचं झेंडूचं वाळलेलं तोरणही आणा. सासूबाई कुरकुरल्या, तोरण दिवाळीपर्यंत काढत नाहीत म्हणाल्या. शेवटी शेजारणीचं नेलं.

दोन दिवस नुसती ती पानं. पान मधल्या शिरेवर दुमडलं की एका अर्ध्यावर दुसरं अर्धं बरोबर बसतं. सगळ्या पोरांनी दुमडली, काहींची मोडली. बाई काही बोलल्या नाहीत. मग एका पोरीनं शोध लावला की स्वतःचे दोन तळहातही असेच बसतात. त्यानंतर अर्धा तास वर्गात हात जुळवणं चाललं, स्वतःचे, दुसऱ्याचे, बाईंचे. बाईंच्या तळहातावर पोरीचा तळहात ठेवला की कडेला उरतं किती, हे बघायला रांग लागली. माझ्या मनात एकच चाललेलं: आज तरी अ आ काढणार की नाही?

तोरणाचं काम जास्त मजेचं. वाळलेलं झेंडूचं फूल चुरडलं की आत काळ्या काड्या निघतात, टोकाला पांढुरकी शेपटी. हे बी आहे असं बाईंनी सांगितलं नाही. "हे काय असंल?" एवढंच विचारलं. उत्तरं आली: सुया, मुंग्यांचे पाय, कचरा, झाडू. एकानं सांगितलं, "बाईऽ, ह्यो झेंडूचा बाबा." प्रत्येकानं करवंटीत माती भरून पाच पाच काड्या पेरल्या. पाच मोजताना कुणी सहा घातल्या, कुणी तीन. करवंट्या खिडकीत ओळीनं मांडल्या. कुणाची कुठली हे कळायला प्रत्येक करवंटीवर खडूनं खूण: कुणाचा गोल, कुणाची फुली, माझ्या लेकीच्या दोन आडव्या रेघा. ही खूण हीच त्यांची पहिली सही होती, असं आता वाटतं. तेव्हा मला वाटलं, नाव लिहायला शिकवायची चांगली संधी घालवली.

वर्गात एक कन्नड पोरगा होता. वडील लाईनमन, गोकाककडून बदली होऊन आलेले. सगळे त्याला तम्मा म्हणत. त्याची आईही घरी तेच म्हणायची आणि कन्नडमध्ये त्याचा अर्थ धाकटा भाऊ. जूनपासून तो बालवाडीत एक शब्द बोलला नव्हता. खेळायचा सगळं, हसायचा, ढकलायचा, पण तोंड मिटलेलं. मी बसायची त्या भिंतीशीच त्याची जागा. चौथ्या-पाचव्या दिवशी तो माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बन्नी."

मला कन्नड येतं ते बसवरच्या पाट्यांइतकं. बन्नी म्हणजे 'या', हे पक्कं ठाऊक. मी उठले. त्याच्यामागं चालू लागले. तो थांबला, गोंधळून बघितला, पुन्हा म्हणाला, "बन्नी." मी म्हटलं, "येतेय की बाबा, कुठं यायचंय?" तो रडकुंडीला आला. बाई हसत हसत जवळ आल्या आणि त्याची मूठ उघडून दाखवली. आत चुरगळलेलं आपट्याचं पान. तिकडं दसऱ्याच्या पानाला बन्नी म्हणतात. खरं तर बन्नी म्हणजे शमी, पण वाटतात ते सगळंच बन्नी. आणि "त्यांच्याकडं 'या' म्हणायचं तर बर्री म्हणतात गे, बन्नी म्हणतात ते पुस्तकातले लोक." दसरा होऊन दोन आठवडे होत आले होते आणि मला सोनं मिळत होतं. मी घेतलं, त्याला आमच्या रिवाजाप्रमाणं नमस्कार केला. तो भयंकर लाजला आणि त्या दिवसापासून माझ्याशी, फक्त माझ्याशी, बोलू लागला. बहुतेक मला त्याच्याहून कमी येतं हे त्यानं ओळखलं असावं.

चपलांचा खेळ याच आठवड्यातला. पोरं आली की चपला ओळीनं काढतात. एके दिवशी बाईंनी मावशींना सांगून सगळ्या चपलांचा ढीग केला. जोड्या लावा. आरडाओरडा, हिसकाहिसकी, एकमेकांच्या पायात घालून बघणं. शेवटी दोन चपला उरल्या आणि त्या एकमेकींच्या नव्हत्या. एक निळी, एक गुलाबी, दोन्ही डाव्या. पोरं थबकली. बाई गप्प. मी हात मांडीखाली दाबून बसलेली, कारण उत्तर मला दिसत होतं. तीन-चार मिनिटांनी एक चिरका आवाज आला: "ह्येची एक घरात हाय!" कुणीतरी बहिणीची एक आणि स्वतःची एक घालून आलं होतं, दोन्ही डाव्या, आणि तसंच अर्धा मैल चालत आलं होतं. ज्याच्या चपला तो सगळ्यात जास्त हसला.

मग किल्ला. बेळगाव भागात दिवाळीला किल्ला नाही असं गल्लीत होत नाही. मोठी पोरं आठ-आठ दिवस राबतात, राजगड काय, प्रतापगड काय, खाली पाटी लावतात, संध्याकाळी लोक बघायला हिंडतात. बालवाडीच्या मागंही करायचा ठरला. आमच्याकडचा गड म्हणजे येळ्ळूरचा राजहंसगड, तोच करू, असं मीच सुचवलं. बाई "बरं" म्हणाल्या. पोरांना राजहंसगडाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना चिखल हवा होता.

पहिले दोन दिवस चिखलच झाला. माती जास्त झाली की पाणी, पाणी जास्त झालं की माती. तेलाच्या जुन्या डब्यानं माती आणायची, तांब्यानं पाणी. कितव्या डब्याला ढीग गुडघ्याला लागतो यावर वाद. वरून पाणी ओतलं की एकाच बाजूनं वाहतं आणि तिथं घळ पडते, हे एकदा कळल्यावर बाकी सगळं सोडून पाणी ओतणं सुरू झालं. निम्मा गड वाहून गेला. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी उठले, कमरेला ओढणी खोचली, दगड रचले, बुरूज केले, पायऱ्या काढल्या. पाऊण तासात सुंदर गड उभा राहिला. हात धुऊन वर बघितलं तर पोरं पलीकडं चिंचेखाली डोंगराला आग लागली खेळत होती. गडाजवळ एकटा तम्मा, तोही माझ्याकडं बघत.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "झाला तुझा? आता आत जाऊन बस." नवरा रागावतो त्याहून ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी आले तर माझे बुरूज कुणीतरी लाथांनी पाडलेले आणि त्याच दगडांचा एक बोगदा केलेला, त्यातून पाणी जायला. गडाचं दार कुठं आहे विचारलं तर तीन पोरांनी तीन दिशा दाखवल्या. वर मोहरी टाकली होती, ती दिवाळीपर्यंत उगवली आणि त्या बिनदाराच्या ढिगाऱ्याला जरा गडपण आलं.

डबे खाऊन झाले की अधूनमधून बाईंशी बोलायला मिळे. त्यांनी तरुणपणी बालवाडीचा अभ्यासक्रम केलेला, आणि तेव्हा एकदा कोसबाडला जाऊन आलेल्या. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढं अनुताई वाघांबरोबर त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, त्यातून अंगणवाडी हा शब्द आला. पुढं १९७५ मध्ये केंद्र सरकारनं बालविकासाची योजना काढली आणि तो मराठी शब्द देशभर पोचला. कर्नाटकातही अंगणवाडीच म्हणतात, हे मला त्या दिवसापर्यंत कधी नवल वाटलं नव्हतं. बाई म्हणाल्या, कोसबाडला त्यांना पैशानं आणलेलं खेळणं फारसं दिसलं नाही, शंख-शिंपले, बिया आणि पानंच. "मग मी म्हटलं, हे तर आमच्याकडं पोत्यानं हाय."

घरात मात्र दुसरीच हवा होती. नवरा उद्यमबागेत कारखान्यात कामाला. त्याच्या मित्राची मुलगी शहरात इंग्रजी शाळेत एलकेजीला, आमच्या लेकीएवढीच. तिची वही तो मोबाईलवर फोटो काढून घेऊन आला. ए ते झेड, एक ते पन्नास, रेघेच्या आत. मग लेकीला समोर बसवून विचारलं, "कुठपर्यंत येतंय मोजायला?" तिनं बारापर्यंत मोजलं आणि पुढं म्हणाली, "मग पुष्कळ." नवरा माझ्याकडं बघितला. माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. पहिलीला वेळ आहे अजून, पण पुढं मराठी शाळा, कन्नड की इंग्रजी, हा प्रश्न आमच्या भागात प्रत्येक घरात उंबऱ्याशी बसलेला असतो. चिंचोके खेळून तो सुटतो असं मी म्हणणार नाही.

त्या वर्षी नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आलं. म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सवही त्याच दिवशी आणि इकडचे मराठी लोक निषेध म्हणून पाळतात तो काळा दिनही त्याच दिवशी. नवरा सकाळी शहरात गेला, एका रस्त्यावर लाल-पिवळे झेंडे, दुसरीकडं काळे कपडे घातलेली माणसं, आणि संध्याकाळी सगळीकडं सारखेच फटाके. चार दिवस सुट्टी होती. ४ नोव्हेंबरला लेक माझा हात सोडून पळाली, कारण करवंट्या बघायच्या होत्या. सुट्टीतही मावशींनी पाणी घातलं होतं. बहुतेकांत हिरवे कोंब, दोन-दोन बारकी पानं. सहा काड्या घालणाऱ्याला चार आले, तीनवाल्याला तीनही. काही करवंट्यांत काहीच नाही, आणि त्यातली एक माझ्या लेकीची. ती बराच वेळ आपल्या दोन रेघांकडं बघत राहिली. रडेल म्हणून मी पुढं सरकले, मग हात मांडीवर आठवला. तिनं बोटानं माती उकरली, खाली एक काडी तशीच सापडली. ती तिनं तम्माच्या करवंटीत नेऊन खोचली. तम्मानं काढून टाकली. तिनं पुन्हा खोचली. हे दहाएक वेळा झालं, त्यात केसही ओढले गेले, आणि शेवटी ती काडी तम्माच्या करवंटीतच राहिली. तडजोड कशी झाली ते मला कळलं नाही, एक मराठीत भांडत होती आणि दुसरा कन्नडमध्ये.

सुगी सुरू झाली होती. बाई पोरांना बांधावर घेऊन गेल्या. इंद्रायणीचं भात पिवळं होऊन वाकलेलं, एका शेतात कापणी चाललेली. प्रत्येकाच्या हातात एक लोंबी दिली. परत येऊन दाणे काढले, तळहातावर घेऊन फुंकर मारली. काही दाणे उडाले, काही राहिले. उडालेला दाणा चिमटीत दाबून बघितला तर आत काही नाही. पोचट. हा शब्द त्यांना इतका आवडला की आठवडाभर सगळं पोचट होतं. चेंडू पोचट, डबा पोचट, माझा मोबाईलही पोचट. एकदा एकानं फुंकर मारताना शेजारच्याच्या डोळ्यात कुसळ घातलं आणि सगळी सकाळ त्यात गेली. पाण्यानं डोळा धुणं, त्याच्या आईला निरोप, आईचा राग. सव्वीस पोरं आणि दोन डोळे, मी म्हटलं ना.

कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशी एका आजोबांनी बुट्टीभर रताळी आणून टाकली, माती लागलेली, ताजी. त्या दिवशी मला पहिल्यांदा काम मिळालं: कपड्यांच्या हँगरला दोन्ही टोकांना दोऱ्यानं करवंट्या बांधून तराजू करायचा. पुढं तो धरूनही मीच बसले, फक्त धरून. एका करवंटीत मोठं रताळं, दुसरीत छोटी किती टाकली की समान होईल? आधी दोन म्हणाली पोरं, मग चार. तिसऱ्यालाच दांडी वाकडी झाली. एक काढलं तर पलीकडं वाकडी. मग तम्मानं एक सुतळीएवढं बारीक रताळं शोधून आणलं, टाकलं, आणि दांडी सरळ आडवी झाली.

"येष्टु?" बाईंनी त्याला कन्नडमध्ये विचारलं. किती?

तो करवंटीत बोट घालत म्हणाला, "ओंदु, एरडु," आणि थांबला. मग त्या बारक्याला बोट लावून, "आणि हे पिल्लू." मराठीत. सगळ्यांसमोर. बाईंनी कौतुक वगैरे काही केलं नाही, दुसरं रताळं उचललं. पण मावशींनी पदर तोंडाला लावला होता. मग भांडण झालं की ह्याला रताळं म्हणायचं की गेणसु. उकडून खाल्ल्यावर ते मिटलं. माझी लेक त्या दिवशी घरी येईपर्यंत ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु करत आली आणि मीही तिच्यामागं म्हटलं, कारण इतक्या वर्षांत बाजारात मी आकडे बोटांनीच दाखवत होते.

१४ नोव्हेंबरला बालदिनाचा खाऊ वाटून झाला आणि पुढच्या दिवशी आमचं स्वतःचं भात कापायला आलं. मी गेले नाही. लेकीला सासूबाई सोडून आल्या. संध्याकाळी शेतावरून आले तेव्हा नवरा घरात होता, लेक ओट्यावर खडूनं काहीतरी काढत होती. एक गोल, त्याला खूप पाय, वर दोन आडव्या रेघा. नवरा शेजारी उकिडवा बसला. म्हणाला, असं नाही बाळा, थांब, गाय अशी काढतात, आणि खडू घ्यायला हात पुढं केला.

तिनं खडू पाठीमागं लपवला. "पप्पा," ती म्हणाली, "हात मांडीवर."